ग्रॅव्हल म्हणजे आपली पांदणच की!

तुमच्याही फीडमध्ये ती रील येऊन गेली असेल. फ्रान्समधलं कुठलं तरी खेडं. पांढरट खडीचा अरुंद रस्ता, दोन्हीकडे ओकची झाडं, लांब टेकडीवर आठ-नऊशे वर्षांपूर्वीचं चर्च आणि त्या रस्त्यावरून धूळ उडवत जाणारे तीन सायकलवाले. मागे पियानो. खाली लिहिलेलं, ‘ग्रॅव्हल लाइफ’. आपण लाइक करतो, ग्रुपवर टाकतो, ‘एकदा तरी जाऊ यार’ म्हणतो. मग व्हिसा, तिकीट आणि त्या सायकलची किंमत असा हिशेब मनातल्या मनात होतो आणि अंगठा पुढच्या रीलवर सरकतो.

जरा थांबा. आता डोळ्यांसमोर आपलं शहापूर आणा. भंडाऱ्याच्या अलीकडचं, हायवेवरचं. मुंबई-कोलकाता महामार्ग, एकामागे एक ट्रक, टपरीवर चहा आणि इंजिनीअरिंग कॉलेजची पोरं-पोरी. इथे कोणी सायकलची रील काढणार नाही हे मान्य. पण हायवेला पाठ करून गावाच्या मागे निघा. दहा मिनिटांत डांबर संपतं. लाल मुरूम सुरू होतो, दोन्ही बाजूला धानाच्या बांध्या, मधूनच मोहाचं एखादं जुनं झाड. तुम्ही ग्रॅव्हलवर आला आहात. फक्त इथे त्याला ग्रॅव्हल म्हणत नाहीत, पांदण म्हणतात.

पश्चिम महाराष्ट्रात पाणंद, आपल्याकडे पांदण. गावातून शेताकडे, या गावातून त्या गावाकडे जाणारा बैलबंडीचा रस्ता. डिसेंबर-जानेवारीत आम्ही तिघी मैत्रिणींनी सुट्टीचे काही दिवस या पांदणी धुंडाळण्यात घालवले. सगळ्यात लांबचा फेरा शहापूर ते पवनी. मेन रोडनं गेलात तर पन्नासेक किलोमीटर, आमच्यासारखं आडवाटेनं गेलात तर साठच्या घरात. घरी सांगितलं तेव्हा पहिला प्रश्न आला, ‘काहून, बस बंद आहे का?’

दूधवाले काका आधीच पुढे गेलेत

आधी हे ग्रॅव्हल प्रकरण काय आहे ते समजून घेऊ. सायकलिंगचा हा प्रकार या नावानं ओळखला जाऊ लागला २००० नंतर, मुख्यतः अमेरिकेत. कॅन्सस राज्यातल्या एम्पोरिया या गावात २००६ पासून शेतातल्या खडीच्या रस्त्यांवर दोनशे मैलांची, म्हणजे सुमारे ३२० किलोमीटरची शर्यत होते. आज ती जगातली सगळ्यात नावाजलेली ग्रॅव्हल शर्यत मानतात. २०२२ मध्ये सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय महासंघानं इटलीत पहिली ग्रॅव्हल विश्वअजिंक्यपद स्पर्धाही घेतली. दरम्यान कंपन्याही जाग्या झाल्या होत्या आणि ‘ग्रॅव्हल बाइक’ नावाचं वेगळं खातं दुकानात उघडलं गेलं. रेसिंग सायकलसारखं वाकडं हॅण्डल, डिस्क ब्रेक आणि रुंद टायर.

तर त्या टायरची गंमत ऐका. ग्रॅव्हल बाइकचा टायर साधारण ३८ ते ४५ मिलिमीटर रुंद असतो, कारण खडीवर बारीक टायर घसरतो आणि हात झिणझिण्या येऊन बधिर होतात. आता तुमच्या गल्लीत येणाऱ्या दूधवाल्या काकांच्या काळ्या सायकलजवळ जा आणि टायरच्या कडेला काय छापलंय ते वाचा. २८ × १½. दीड इंच म्हणजे ३८ मिलिमीटर! ज्या रुंदीचा साक्षात्कार जगाला आत्ता झाला, ती आपल्याकडे कॅनच्या वजनासकट तीन पिढ्या चालते आहे. हँडलवर पिशव्या, मागे कॅरिअर, चिखलासाठी मडगार्ड, सगळं आहे. फक्त फोटो काढायला कोणी नव्हतं. (याच काळ्या सायकली बनवणाऱ्या ॲटलसनं साहिबाबादचा आपला मोठा कारखाना बंद केला तो दिवस ३ जून २०२०, म्हणजे नेमका जागतिक सायकल दिन. असा योग सिनेमात दाखवला तर आपण हसू.)

आमच्या तिघींत एकीकडे हायब्रीड होती. दुसरीकडे भावाची गिअरवाली. तिसरीकडे तिला नववीत असताना शाळेतून मिळालेली सायकल होती. मानव विकास मिशनच्या योजनेत राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांत शाळेपासून लांब राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकल मिळते, ती. एकच गिअर, पुढे जाळीची टोपली. निघताना तिचीच काळजी सगळ्यांना. प्रत्यक्षात पहिल्या दिवशी सगळ्यात कमी कुरकूर तिच्या सायकलनं केली. आपला भाग सपाट आहे, चढ म्हणजे पुलावर लागतो तेवढाच. इथे एकवीस गिअर मिरवायला ठीक. तेव्हा ‘माझ्याकडे तशी सायकल नाही’ हे कारण बाद.

एक मात्र करा. टायरमध्ये हवा नेहमीपेक्षा थोडी कमी ठेवा. डांबरावर टणक टायर पळतो. मुरमावर तोच टायर प्रत्येक खड्याला उडी मारतो. जरा मऊ ठेवला की तो खडे पोटात घेतो.

चाकोरीतूनच चालवा

कारध्याला वैनगंगा ओलांडली की पवनीचा मोठा रस्ता पहेला, अड्याळ, कोंढा असा जातो. आम्ही तो धरत-सोडत गेलो. पांदणीवर पहिली पाच मिनिटं वैताग येतो. वेग एकदम अर्धा होतो, ताशी बारा किलोमीटर म्हणजे डोक्यावरून पाणी. ट्रॅक्टर आणि बैलबंडीच्या चाकांनी दोन खोल रेषा पाडलेल्या असतात, त्यांनाच चाकोरी म्हणतात. निबंधात आपण ‘चाकोरीबाहेर विचार करा’ लिहून मार्क मिळवले, पण सायकलवर उलट असतं. चाकोरी बसून बसून टणक झालेली असते, तिच्यातूनच चालवा. मधला गवताचा पट्टा दिसतो मऊ, आत दगड आणि बाभळीचे काटे असतात.

मग हळूहळू कान उघडतात. डांबरावर हॉर्न ऐकू येतो, इथे टायरखाली मुरूम चुरचुरतो तोही ऐकू येतो. धान कापून झालेलं असतं. बांध्यांमध्ये धानाच्या ओलीवर टाकलेली लाखोरी वर आलेली असते, जानेवारीत तिला निळी-जांभळी फुलं लागतात. बसच्या खिडकीतून मी हा रस्ता शंभरदा पाहिला असेल, पण तिथून लाखोरी म्हणजे नुसती हिरवी पट्टी दिसते. सायकलवरून तिचं फूल दिसतं आणि तोडून खाल्लेल्या कोवळ्या शेंगेची चवही कळते. (मालक बांधावर असेल तर विचारून तोडा.)

आणि तलाव. भंडारा तलावांचा जिल्हा आहे हे आपण भूगोलात पाठ केलं. पण सायकल एका उंच मातीच्या पाळीवर चढते, एका हाताला पाणी आणि दुसऱ्या हाताला खाली पसरलेल्या बांध्या दिसतात, तेव्हा ते वाक्य खरं होतं. यांना सगळे ‘मामा तलाव’ म्हणतात. कोणाच्या मामाचे नाहीत, माजी मालगुजारी तलाव हे त्याचं लघुरूप. मालगुजारी १९५०-५१ च्या सुमारास गेली आणि तलाव सरकारकडे आले, पण ते बांधले गेले त्याच्या कितीतरी आधी, गोंड राजांच्या आणि नंतर भोसल्यांच्या काळात. यात कोहळी समाजाचा हात सगळ्यात मोठा. पाणी कुठून येईल, कुठे अडेल, किती पाझरेल हे जमिनीकडे बघून सांगणारी ही माणसं. शेजारच्या गोंदिया जिल्ह्यातला नवेगावबांधचा प्रचंड तलाव कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला असं सांगतात.

मला वाटतं, आपली गफलत इथेच होते. युरोपातलं चर्च दिसलं की आपण ‘मध्ययुगीन’ म्हणतो. आपल्याकडे त्याच काळातलं काही म्हटलं की किल्ला शोधतो आणि तो पडका दिसला की निराश होतो. अहो, ज्या पाळीवरून तुम्ही सायकल चालवताय तीच दोन-तीनशे वर्षांची आहे, आणि ती अजून काम करते आहे! तिच्या पाण्यावर आजही धान पिकतं. चर्चची रील निघते, पाळीवर म्हशी बसलेल्या असतात, एवढाच काय तो फरक.

भंडाऱ्याचं नावही कमी जुनं नाही. छत्तीसगडमधल्या रतनपूरच्या कलचुरी राजाचा, जाजल्लदेवाचा इ.स. १११४ चा शिलालेख आहे. त्यात ‘भाणारा’ असा उल्लेख येतो, तो म्हणजे आपला भंडारा असं मानतात. म्हणजे फ्रान्समधल्या त्या रीलमधलं चर्च बांधलं जात होतं तेव्हा आपलं गाव दगडावर कोरण्याइतकं माहितीचं होतं.

पवनी: खंदकावर थांबा

कोंढा मागे पडलं की जमिनीचा रंग बदलायला लागतो. हा चौरास भाग, काळी कसदार माती. कोरडी असताना तिच्यावर सायकल मस्त चालते. पावसाचा एक शिंतोडा पडला की तीच माती टायर, मडगार्ड, ब्रेक सगळं धरून बसते आणि सायकल तुम्हाला खांद्यावर घ्यावी लागते. आभाळ असेल तर या भागात मोठाच रस्ता धरा.

पवनीला ‘विदर्भाची काशी’ म्हणतात, वैनगंगेच्या घाटांमुळे आणि जिकडे बघाल तिकडे असलेल्या देवळांमुळे. विदर्भाच्या अष्टविनायकांतला एक इथे, पंचमुखी. त्यातलाच दुसरा भंडाऱ्याजवळ मेंढ्याचा भृशुंड गणेश. म्हणजे आमच्या आजीच्या भाषेत आम्ही सायकलनं दोन विनायक केले, पुण्य जमा झालं.

पण तुम्ही गावात शिरण्याआधी तटाजवळ उतरा. मातीचा उंच तट, त्यावर नंतरच्या काळातलं दगडी बांधकाम, बाहेर रुंद खंदक. पवनीची वस्ती सव्वादोन हजार वर्षांहून जुनी आहे. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून इथे उत्खनन केलं. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी हे त्याचे प्रमुख. जगन्नाथ टेकडी म्हणून जी टेकडी लोक ओळखत होते तिच्या पोटात बौद्ध स्तूप निघाला, आणि साधासुधा नव्हे, आकारात ज्याची तुलना सांचीच्या मोठ्या स्तूपाशी करतात असा. त्याच्या कठड्याचे कोरीव खांब सापडले, त्यांवर ब्राह्मीत दान देणाऱ्यांची नावं. एका शिल्पात अनेक फण्यांचा नाग आहे आणि त्याचं नाव खाली कोरलंय, मुचरिंद. बुद्धांना ज्ञानप्राप्ती झाल्यानंतर वादळात त्यांच्यावर फणा धरणारा हा नागराजा. दोन हजार वर्षांपूर्वी कोणीतरी शिल्पाला कॅप्शन देऊन ठेवलं म्हणा ना.

आम्ही टेकडीपर्यंत विचारत विचारत पोचलो. वाटेत एका आजोबांनी आम्हाला थांबवून सायकलींकडे पाहिलं, मग आमच्याकडे, आणि म्हणाले, ‘शहापूरवून आल्या? सायकलनं? आमच्या वेळी भंडाऱ्याले सायकलनंच जात होतो, त्यात काय एवढं.’ आमची हवा तिथेच गेली, टायरची नव्हे.

त्यांनी बोलता बोलता एक गोष्ट दाखवली जी मी एकटी असते तर बघितली नसती. तटाच्या मातीला जिथे उतार आलाय तिथे पायवाट पडली आहे, जवळच्या घरांची रोजची ये-जा. मुलं तिथून घसरगुंडी खेळतात. तट हा त्यांच्यासाठी ‘साइट’ नाही, अंगण आहे. मला त्याचा राग आला नाही. पण दरवर्षी पावसात थोडी माती खाली येते हेही दिसतं. कॉलेजच्या इतिहासाच्या पोरांनी इथे येऊन आज तट कुठून कुठवर आहे एवढं जरी फोटो काढून, मोजून ठेवलं, तरी पुढच्या वीस वर्षांत काय गेलं ते कोणाला तरी सांगता येईल. प्रोजेक्टला विषय नाही म्हणता ना? घ्या.

रात्री मैत्रिणीच्या मावशीकडे मुक्काम. दुसऱ्या दिवशी सकाळी गोसेखुर्द. राजीव गांधींच्या हस्ते २२ एप्रिल १९८८ ला भूमिपूजन झालेलं हे धरण, ३३ दरवाजे, राष्ट्रीय प्रकल्प. डावा कालवा सुमारे २३ किलोमीटरचा, उजवा ९९. नहराच्या पाळीवर मुरमाचा सरळ रस्ता असतो आणि सायकलवाल्याला तो स्वर्ग वाटतो. पण जलाशयाच्या काठानं फिरताना एखादा जुना रस्ता सरळ पाण्यात शिरताना दिसतो. तो कुठल्या तरी गावाला जात होता. गाव आता पाण्याखाली आहे आणि माणसं पुनर्वसनाच्या प्लॉटवर. तिथे आम्ही फोटो काढला नाही. काढावासा वाटला नाही.

जय आणि आपण

जंगलाबद्दल स्पष्ट बोलते, कारण रीलमध्ये हे कोणी सांगत नाही. फ्रान्सच्या जंगलात सायकलवाल्याला फार तर रानडुक्कर भेटतं. आपल्या बाजूला कोका अभयारण्य, पवनीच्या बाजूला उमरेड-पवनी-कऱ्हांडला. इथे वाघ आहे, अस्वल आहे. ‘जय’ आठवतो ना? ‘शोले’वरून नाव पडलेला, नागझिऱ्यात वाढलेला वाघ. २०१३ मध्ये शंभराहून जास्त किलोमीटर चालून तो उमरेड-कऱ्हांडल्यात आला. नकाशा बघा, नागझिरा महामार्गाच्या उत्तरेला आणि कऱ्हांडला दक्षिणेला. म्हणजे आपण ज्या हायवेला शिव्या देतो तोच कुठेतरी त्यानं ओलांडला. पर्यटकांना कितीदा तरी दिसलेला हा वाघ एप्रिल २०१६ नंतर कोणालाच दिसला नाही. आपल्या जिल्ह्यातल्या आडवाटांचा खरा मालक तो. आपण पाहुणे.

त्यामुळे अभयारण्यात सायकल घालायची नाही, ‘गेटवाला ओळखीचा आहे’ हे तर मुळीच चालवायचं नाही. बाहेरच्या जंगलालगतच्या रस्त्यावरही उजाडल्यावर दोन तास थांबून निघा आणि दुपारी चारच्या आत बाहेर पडा. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुलं वेचायला आणि मेमध्ये तेंदूपत्त्याला लोक जंगलात जातात, वाघाच्या हल्ल्याच्या बातम्या आपण त्याच दिवसांत वाचतो. ती माणसं पोटासाठी जातात. आपल्याला मजेसाठी तिथे असायचं काही कारण नाही. शिवाय मेमधलं आपलं ऊन तुम्हाला माहीत आहेच.

नकाशातला रस्ता

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येते.

अड्याळच्या अलीकडे एका पांदणीवर आम्ही अडकलो. रस्ता होता, मग अर्धा होता, मग नुसती पायवाट, मग समोर काट्याचं कुंपण. शेजारच्या बांधीत एक शेतकरी काका धानाचा पेंढा आवरत होते. त्यांना विचारलं, ‘काका, पांदण पुढे नाही का?’

‘आहे नं. नकाशात आहे.’

मग ते आले, विळा बाजूला ठेवला आणि हातानं दाखवत गेले. इथून बैलबंडी आरामात जायची, समोरून दुसरी आली तर एक कडेला व्हायची. मग या बाजूचा धुरा हातभर सरकला, त्या बाजूचा सरकला. दरवर्षी नांगर थोडा थोडा आत. ‘तुमची सायकल तं कशीबी जाईल, पोरी. उचलून न्याल. माझं धान कसं न्याचं? हार्वेस्टर येत नाही, ट्रॅक्टर येत नाही. मळणी झाली का पोतं डोक्यावर.’

सायकलचं हे सगळं कौतुक तिथे जरा गप्प झालं. आपल्यासाठी जो ‘ऑफबीट रूट’ आहे, तो या माणसाचा कामाला जायचा रस्ता आहे. पावसाळ्यात याच पांदणीवर गुडघाभर गाळ असतो आणि त्यातून कोणाची तरी पोरगी शाळेत जाते. तेव्हा ‘गावातले मातीचे रस्ते तसेच राहू द्या, किती छान वाटतं’ असं म्हणायचा आपल्याला अधिकार नाही. कृपा करून कोणी म्हणू नका.

पण याची दुसरी बाजूही आहे. इटलीत टस्कनी भागात पांढऱ्या खडीचे जुने गावरस्ते डांबराखाली जायला लागले, तेव्हा १९९७ मध्ये काही लोकांनी जुन्या सायकली काढून त्याच रस्त्यांवरून फेरी काढली. नाव ‘लेरोईका’. रस्ते वाचवणं हाच हेतू. आज तिथे जगभरातून लोक सायकल चालवायला येतात आणि गावात चार पैसे राहतात. फ्रान्समध्येही गावरस्ते शेजारच्या शेतात गडप होत होतेच, म्हणजे धुरा सरकवायची विद्या काही आपलीच नाही. तिथे २०२२ मध्ये कायद्यात तरतूद झाली की गावानं आपल्या हद्दीतल्या अशा रस्त्यांची मोजदाद सुरू केली, तर तेवढ्या काळात कोणाला ‘इतकी वर्षं मी वापरतोय, म्हणून आता माझा’ या दाव्याचं घड्याळ पुढे सरकवता येत नाही. त्या सुंदर रीलमागे ही कंटाळवाणी मोजणी आहे बरं.

आपल्याकडे मोजणी आधीच झालेली आहे! गाव नकाशा कधी पाहिलाय? तुमच्या गावाचा मागवा, भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो. त्यावर दोन सलग रेषांनी दाखवलेला असतो तो ग्रामीण रस्ता. दोन तुटक रेषा म्हणजे गाडीमार्ग, साधारण साडेसोळा ते एकवीस फूट रुंद. एक तुटक रेषा म्हणजे पायमार्ग, सव्वाआठ फूट. इंग्रजांच्या काळातल्या मोजणीपासून चालत आलेल्या या तुटक रेषा म्हणजे आपल्या जिल्ह्याचा ग्रॅव्हल मॅप. तो फोनमध्ये घ्या आणि प्रत्यक्ष सायकलनं जाऊन बघा, एकवीस फुटांतले किती फूट उरलेत. मी सांगते, कुठल्याही ट्रेझर हंटपेक्षा भारी खेळ आहे.

आणि उरले नसतील तर? रस्ता अडला असेल तर शेतकऱ्याला तहसीलदाराकडे जाता येतं. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ चं कलम ५ अडवलेला रस्ता मोकळा करण्यासाठी आहे. रस्ताच नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ चं कलम १४३ बांधावरून रस्ता मागायची सोय करतं. २०२१ मध्ये ‘मातोश्री ग्रामसमृद्धी शेत व पाणंद रस्ते योजना’ आली, तिच्यात रोजगार हमीच्या जोडीनं पांदण तयार करून घ्यायची सोय ठेवली होती. हे मी लॉच्या पोरांसाठी मुद्दाम लिहितेय. त्या काकांना कलमाचा नंबर माहीत नव्हता, पण एक गोष्ट त्यांना चांगली माहीत होती. ज्यानं धुरा सरकवला तो शेजारी आहे, आणि त्याच्या पोराच्या लग्नाला जायचं आहे. अर्ज करणं सोपं नसतं ते यामुळे.

माझ्या मते पांदणीला सिमेंट नको. मुरूम नीट दाबून टाकला, दोन्ही कडेला नाल्या काढल्या आणि जिथे पाणी आडवं येतं तिथे मोरी टाकली, तर त्यावरून बंडी जाते, ट्रॅक्टर जातो, शाळेची पोरगी जाते आणि तुमची-माझी सायकलही जाते. पण हे मी चार दिवस फिरून आलेली पोरगी म्हणते. काकांना विचारलं तर ते म्हणाले, ‘काहीबी टाका, पण पावसाच्या आधी टाका.’

निघताय?

नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ धरा. पहिल्यांदाच पवनी करू नका. शहापूरहून जवळच्या गावांची वीस किलोमीटरची गोल फेरी मारा, अंग काय म्हणतं बघा. दोन जादा ट्यूब, पंक्चरचं सामान आणि पंप हवाच, बाभूळ कोणाला सोडत नाही. पंक्चर काढणं यूट्यूबवर बघून नाही, घरी एकदा हातानं करून शिका. पाणी तीन लिटर. खायला घरून चिवडा-गूळ घ्या. गावात चहा मिळतोच, तर्री-पोहे मिळाले तर नशीब. मुलींनो, तिघी-चौघी मिळून जा आणि लाइव्ह लोकेशन घरच्या एकाला तरी पाठवून ठेवा. पांदणीवर नेटवर्क जातं, तेव्हा ‘दर तासाला मेसेज’ असलं वचन आईला देऊ नका, पाळता येत नाही आणि मग ती गावभर फोन करते. बैलबंडी समोरून आली तर सायकल खाली उतरवून उभे राहा, बैल सायकलला बुजतात. गुरं राखणाऱ्या पोरांना रस्ता विचारा, गुगलला नको. गुगल तुम्हाला तुटक रेषेवरून नेऊन बांधीत सोडतो.

आमचा पुढचा बेत आंबागडचा आहे. तुमसरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी. देवगडच्या बख्त बुलंद शहाच्या वेळी, इ.स. १७०० च्या सुमारास राजा खान पठाणानं बांधलेला किल्ला. पुढे भोसल्यांनी तिथे कैदी ठेवले, आणि आतल्या विहिरीचं पाणी पाजून त्यांना मारत अशी गोष्ट सांगतात. आपल्या भागातला पहिला खरा चढ तिथेच लागणार आहे, तेव्हा एकवीस गिअरवालीला अखेर भाव खाता येईल. टोपलीवाली म्हणते, मी ढकलत नेईन.